हेन्रीसोबतचे ९४ तास आणि इतरांची मते

गेल्या आठवड्यात, २७ मार्चच्या रात्री, 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' हा संगणकावरचा ऐतिहासिक गेम मी एकदाचा पूर्ण केला. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या नोंदीनुसार त्याला ९४ तास लागले आणि कॅलेंडरप्रमाणे अकरा आठवडे, कारण मधले अकरा दिवस मी तो रागाने बंद करून ठेवला होता. तलवारबाजीचा कोणताही गेम मी याआधी शेवटपर्यंत खेळले नव्हते. घेण्याआधी धीर यावा म्हणून मी तीन संध्याकाळी खेळाडूंची मते वाचत बसले, पण त्याने गोंधळच वाढला. एकाने ज्या गोष्टीला आजवरचा सर्वांत सच्चा अनुभव म्हटले होते, तिलाच त्याच्या खालचा खेळाडू शिक्षा म्हणत होता, आणि दोघेही मनापासून लिहीत आहेत हे दिसत होते. गेम संपल्यावर तीच मते पुन्हा वाचली, तेव्हा कोण नेमके कशाबद्दल बोलत होते ते बरेचसे उलगडले. कोणी आज माझ्यासारखे उंबरठ्यावर घुटमळत असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवते. कथेचा शेवट मोघमच सांगेन, मात्र सुरुवातीच्या तासांतले प्रसंग उघड केल्याशिवाय गत्यंतर नाही.

ज्यांना या गेमविषयी काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. प्रागमधल्या वॉरहॉर्स स्टुडिओजने २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती. मागणी तीन लाख पौंडांची होती आणि जमले अकरा लाखांहून अधिक. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी गेम बाजारात आला. काळ १४०३ चा आणि स्थळ बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या साझावा नदीकाठच्या मुलखाचे. सम्राट चौथा कार्ल १३७८ मध्ये वारला आहे, त्याचा मुलगा चौथा व्हेन्सेस्लास गादीवर आहे, पण त्याचा सावत्र भाऊ आणि हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याने त्याला कैदेत टाकले आहे. या भाऊबंदकीत सिगिस्मुंडचे सैन्य स्कालिट्झ या चांदीच्या खाणींच्या गावावर चालून येते आणि लोहाराचा मुलगा हेन्री पोरका होतो. गेममध्ये जादू नाही, राक्षस नाहीत, आकाशवाणीही नाही. नायकाला तलवार धरता येत नाही आणि वाचताही येत नाही.

५ जानेवारीपासून मी मते वाचू लागले. वाचताना एका वहीत तक्रारी आणि कौतुके वेगवेगळ्या पानांवर लिहीत गेले, कारण इतका वेळ खाणारी गोष्ट घेताना मी जरा जास्तच चौकस होते. तक्रारींच्या पानावर पाच गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या: हवे तेव्हा सेव्ह करता, म्हणजे झालेली प्रगती जतन करता येत नाही, लढाई अवघड आहे, कुलपे उघडताना हात थरथरतो, कथा रांगते आणि तांत्रिक दोष फार आहेत. कौतुकाच्या पानावर जंगल, पोशाख, संवाद आणि 'आपण कोणीच नाही' ही जाणीव. गंमत म्हणजे पहिल्या पानावरची निम्मी वाक्ये जवळपास त्याच शब्दांत दुसऱ्या पानावरही होती. सेव्ह करता येत नाही म्हणून प्रत्येक निर्णयाला वजन येते, असे लिहिणारे कमी नव्हते.

माझी चूक अशी झाली की मी मते वाचली, पण त्यांच्याशेजारी छापलेले आकडे वाचले नाहीत. स्टीमवर प्रत्येक अभिप्रायासोबत तो कोणत्या तारखेला लिहिला आणि तेव्हा त्या खेळाडूचे किती तास झाले होते, हे दोन्ही दिसते. दोषांविषयीची सर्वांत जळजळीत मते फेब्रुवारी आणि मार्च २०१८ मधली होती. त्यानंतर अनेक दुरुस्त्या आल्या, बाहेर पडताना सेव्ह करण्याची सोय आली, आणि आठ वर्षांनंतरच्या माझ्या प्रतीत त्यांतले बरेचसे दोष मला भेटलेच नाहीत. तासांचा आकडा तर त्याहून बोलका होता, पण तो मला फार उशिरा कळला.

९ जानेवारीला सवलत संपण्याच्या आदल्या रात्री मी गेम घेतला. डिस्कवर सुमारे ७० जीबी जागा लागते, म्हणून जुनी छायाचित्रे दुसरीकडे हलवण्यात एक संध्याकाळ गेली आणि गेम उतरवून घेण्यात पुढची अख्खी रात्र. किमान गरज ८ जीबी मेमरीची आहे आणि शिफारस १६ जीबीची. माझ्याकडे आठच होती. जंगलात ठीक चालले, पण गावात शिरले की चित्र अडखळू लागे. पुढे मी मेमरी वाढवली आणि तो खर्च सवलतीत घेतलेल्या गेमपेक्षा जास्त झाला. हा दोष माझ्या जुन्या यंत्राचा होता. तरीही सांगते, की मेमरी आधी पाहा आणि सावल्यांची पातळी सर्वांत खाली आणून बघा. माझ्याकडे एवढ्यानेच बराच फरक पडला होता.

११ जानेवारीला प्रत्यक्ष सुरुवात केली. वडील हेन्रीला कामे सांगतात: कोळसा आण, किल्ल्यातून तलवारीच्या मुठीवरची आडवी पट्टी आण, गुत्त्यातून थंड बिअर आण. कोळशाला पैसे हवेत, आणि ते कुनेश नावाच्या दारुड्याकडे अडकले आहेत. मी त्याच्याकडे गेले, शब्दाने शब्द वाढला, मुष्टियुद्ध झाले आणि मी सपाटून मार खाल्ला. दुसऱ्या वेळीही खाल्ला. तिसऱ्या वेळी हेन्रीच्या मित्रांना सोबत घेऊन गेले आणि काम झाले. घड्याळात पाहिले तर एक तास बेचाळीस मिनिटे झाली होती आणि मी अजून बिअरच आणत होते. नमनालाच घडाभर तेल, असे मी त्या रात्री वहीत लिहिले आहे.

इथे एक नियम माहीत असायला हवा. स्टीमवर खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल, तर मागणी केल्यावर पैसे परत मिळतात. त्यासाठी मदतीच्या पानावर जाऊन ती खरेदी निवडायची, यादीतून कारण निवडायचे आणि पैसे मूळ खात्यात हवेत की स्टीमच्या पाकिटात ते सांगायचे. मी अर्ज अर्धा भरला. कारणाच्या रकान्यापाशी घोडे अडले, कारण गेम चालत होता, दोष नव्हता, आणि 'मजा येत नाही' असे लिहायलाही मन धजेना. मजा येत नव्हती हे खरे होते, पण कुनेशच्या अंगणातून पळताना कोंबड्या फडफडल्या तेव्हा मी मोठ्याने हसले होते, हेही खरे होते. मी अर्ज तसाच सोडला. माझ्या गतीने खेळणाऱ्याचे दोन तास स्कालिट्झमध्येच संपतात, म्हणजे पुढचा गेम डोळ्यांनी पाहण्याआधीच परताव्याचे दार बंद होते. दीड-दोन तासांनंतर लिहिलेल्या नकारात्मक अभिप्रायांची संख्या इतकी का, याचे एक कारण मला इथे सापडले. ते खोटे लिहीत नव्हते, त्यांना घाईने निर्णय घ्यावा लागत होता. दोन तासांच्या आत निर्णय घ्यायचाच असेल, तर कामे भराभर उरका, गावात रेंगाळू नका आणि किमान हल्ल्यापर्यंत पोहोचा.

हल्ल्याचा प्रसंग मी विसरणार नाही. आईवडील डोळ्यांदेखत जातात, हेन्री घोड्यावर बसून तालम्बर्गच्या दिशेने पळतो, मागे सिगिस्मुंडच्या सैन्यातले कुमान स्वार लागतात, आणि खेळाडूच्या हातात लढण्यासारखे काहीही नसते. पुढे तो आईवडिलांना पुरायला परत जातो, पुन्हा मार खातो आणि राताय गावच्या गिरणीत शुद्धीवर येतो, तोही गिरणीवाल्या पेशेकच्या कर्जात. माझे चार तास झाले होते. वहीत कौतुकाच्या पानावर पहिली खूण त्या दिवशी केली.

त्यानंतर लढाई. मतांचा सर्वांत मोठा तंटा इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते. शत्रूसमोर उभे राहिले की पडद्यावर पाच टोकांची चांदणी दिसते आणि माऊस हलवून वार कोणत्या दिशेने करायचा ते ठरवायचे असते, भोसकणे वेगळे. समोरचा वार करतो तेव्हा क्षणभर हिरवी ढाल चमकते, तेवढ्यात बरोबर कळ दाबली तर वार अचूक अडतो. दम संपला की वार थेट जिवावर येतात. कागदावर हे सोपे वाटते, पण पहिल्या आठवड्यात मी एकेका भुरट्या चोराकडून मरत होते. 'लढाई ढिसाळ आहे' या मताशी मी तेव्हा शंभर टक्के सहमत होते.

रातायच्या बाहेरच्या आखाड्यात कॅप्टन बर्नार्ड शिकवतो. कथेच्या ओघात त्याचा पहिला धडा होतोच, पण खरा उपयोग नंतर आपणहून त्याच्याकडे पुन्हा जाऊन लाकडी तलवारीने सराव करण्याचा आहे. मी १८, १९ आणि २० जानेवारी या तीन संध्याकाळी दुसरे काहीच केले नाही. त्यातून दोन गोष्टी एकदम वाढतात: हेन्रीचे कौशल्याचे आकडे आणि आपल्या बोटांची सवय. जिंकल्यावर श्रेय कुणाचे हे मात्र कळत नाही, आणि माझ्या मते मतभेदाचे मूळ तिथेच आहे. बर्नार्डकडेच 'मास्टर स्ट्राइक' शिकता येतो, म्हणजे शत्रूचा वार अडवता अडवताच त्याच्यावर उलटवणे. तो आपणहून विचारावा लागतो. पुष्कळांना हे माहीतच नसते आणि ते तसेच तीस तास रडतखडत खेळतात. तो शिकल्यावर मात्र उलटी तक्रार सुरू होते: आता आपण काही करायचेच नाही, समोरच्याने वार करण्याची वाट पाहायची. ही तक्रार अनुभवी खेळाडूंच्या अभिप्रायांत असते आणि ती मला योग्य वाटते. शेवटच्या वीस तासांत माझी प्रत्येक लढाई म्हणजे ढाल धरून थांबणे एवढीच उरली होती. म्हणजे 'फार अवघड' आणि 'फार सोपी' ही दोन्ही मते एकाच लढाईबद्दलची, फक्त मधे साठ तासांचे अंतर.

कुलपांबद्दल फार लिहीत नाही. सोनेरी झालेला ठिपका माऊसने धरून ठेवत दुसऱ्या हाताने कुलूप फिरवायचे असते. पेशेक शिकवतो, त्याची सोपी पेटी पुन्हा पुन्हा उघडावी, जमते.

सेव्हची गोष्ट मात्र वर्मी लागली. हवे तिथे सेव्ह करायचे तर 'सेव्हियर श्नॅप्स' नावाची दारूची कुपी प्यावी लागते. सुरुवातीला ती व्यापाऱ्याकडे शंभरेक ग्रोशेनला, म्हणजे तिथल्या चांदीच्या नाण्यांना मिळते, आणि तेव्हा माझ्या खिशात जेमतेम साठ होते. आपल्या किंवा भाड्याने घेतलेल्या पलंगावर झोपले तरी सेव्ह होते, कथेच्या काही टप्प्यांवरही आपोआप होते. गेममधून बाहेर पडतानाही करता येते, पण ती नोंद परत आल्यावर पुसली जाते. २६ जानेवारीला नॉयहोफहून रातायला परतताना वाटेत तीन दरोडेखोरांनी अडवले. मी मेले, आणि एक तास वीस मिनिटांचे काम गेले: एक मिटवलेले भांडण, दोन वेळची शिकार, आणि महत्प्रयासाने मिळवलेली एक चांगली चिलखती टोपी. संगणक बंद केला तो ६ फेब्रुवारीपर्यंत उघडला नाही. वहीत त्या दिवसाची नोंद एका शब्दाची आहे आणि ती इथे देण्यासारखी नाही.

परत आले ती एका खेळाडूच्या १५० तासांनंतर लिहिलेल्या मतामुळे. त्याने तक्रारही केली नव्हती आणि कौतुकही. एवढेच म्हटले होते की पैसे साठवून श्नॅप्स विकत घेऊ नका, ती गाळायला शिका. मी तसे केले. द्राक्षाच्या वाइनमध्ये नेटल आणि बेलाडोना या वनस्पती घालून भट्टीवर, भाता मारत आणि वाळूचे घड्याळ उलटत ती बनवायची असते. कृती पुस्तकात असते, आणि पुस्तक वाचता आले पाहिजे. मग उझित्झ गावच्या लेखनिकाकडे जाऊन अक्षरे शिकणे आले. शिकण्याआधी पुस्तक उघडले तर अक्षरे उलटसुलट दिसतात; शिकल्यावरही ती लगेच सुधारत नाहीत, एकेक शब्द हळूहळू जागेवर बसतो. एका दुपारी मी काहीही न लढता, फक्त बाकावर बसून हेन्रीला वाचायला लावत होते, आणि पानावरचे एक वाक्य पहिल्यांदा सलग लागले तेव्हा झालेला आनंद मला कोणत्याही लढाईत झाला नाही. सेव्हबद्दलची माझी तक्रार त्यानंतर ओसरली, कारण पिशवीत बारा कुप्या होत्या. मात्र ज्याला कामावरून आल्यावर अर्धाच तास मिळतो, त्याने या पद्धतीवर चिडणे मला आजही रास्त वाटते. वेळ हा ज्याचा त्याचा वेगळा असतो आणि त्याची भरपाई कोणत्याही कुपीत नाही.

याच सुमारास गेमचा इतिहास मला दिसू लागला. आधी तो माहितीच्या पानांत होता, आता वागण्यात आला. रात्री गावात मशाल न घेता फिरले की पहारेकरी हटकतात. कपडे रक्ताने माखलेले असले की माणसे नीट बोलत नाहीत. चिलखताखाली जाड कापडी अंगरखा, त्यावर कड्यांचे, त्यावर पत्र्याचे, असे थर चढतात, आणि झापडाचे शिरस्त्राण ओढले की समोरचे अर्धे जग अंधारते. उझित्झच्या धर्मगुरूसोबत एक रात्र पिण्यात जाते आणि सकाळी हेन्रीलाच प्रवचन द्यावे लागते. त्या प्रवचनात यान हुस या चेक धर्मसुधारकाचे विचार डोकावतात. हुस १४०२ पासून प्रागच्या बेथलेहेम चॅपेलमध्ये प्रवचने देत होता आणि १४१५ मध्ये त्याला जाळले गेले, हे माहीत असणाऱ्याला त्या हशात एक गारवा जाणवतो. बहुतेक अभिप्रायांत या प्रसंगाचे फक्त विनोदी म्हणून कौतुक आहे. मला वाटते, तो त्याहून मोठा आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सासाऊचा मठ आला. एका गुन्हेगाराला शोधण्यासाठी हेन्री नवशिका साधू बनून आत जातो आणि घंटेप्रमाणे उठणे, प्रार्थना, जेवण, काम असा दिनक्रम पाळावा लागतो. चुकले की शिक्षा. अनेक खेळाडू याला गेमचा कळस मानतात आणि अनेक जण इथेच गेम सोडतात. मी सोडला नाही, पण कळसही मानत नाही. पहिला दिवस सुंदर होता, दुसऱ्या दिवशी मी घंटेची वाट पाहत भिंतीकडे बघत उभी होते. कंटाळा हाच त्या जागेचा खरा अनुभव आहे, असा बचाव काही जण करतात. तो मला फारसा पटला नाही. आत जाण्याआधी बाहेरची तातडीची कामे उरकून घ्या आणि आत गेल्यावर पहिल्या दिवशी फक्त कोण कुठे असते ते टिपून ठेवा, माझी निम्मी धावपळ त्याने वाचली असती.

मठाच्याही आधी, प्रिबिस्लाविट्झच्या लढाईच्या शेवटी, चर्चमध्ये, हेन्रीला सुरुवातीला मारहाण करणारा रुंट समोर येतो. यावर लिहिणाऱ्यांचे सरळ दोन गट आहेत: कुणाला तो अजिंक्य वाटला, कुणी त्याला एका बाणात पाडले आणि मग इतका सोपा म्हणून हिरमुसले. मला पाच प्रयत्न लागले. बाण मारला होता, तो भिंतीला लागला.

शेवटाबद्दल एवढेच सांगते की कथेतले मोठे धागे सुटे राहतात आणि हेन्री पुढच्या वाटेला लागतो. २०१८ मधल्या खेळाडूंना हे फार लागले होते, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण त्यांना पुढच्या भागासाठी ४ फेब्रुवारी २०२५ पर्यंत थांबावे लागले. मी २७ मार्चला संपवला तेव्हा पुढचा भाग समोर तयार होता, त्यामुळे तोच शेवट मला अर्धवट न वाटता विसाव्यासारखा वाटला. गेम एकच, पण त्यांनी खेळलेला आणि मी खेळलेला सारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझा अभिप्राय लिहायला बसले. तिथे शिफारस करता की नाही, एवढेच दोन पर्याय आहेत. 'कुणाला' असा तिसरा रकाना नाही. पहिला मसुदा दीड पानांचा झाला, तो रद्द केला. चौथ्या वेळी सहा वाक्ये उरली. शिफारस केली. पहिल्या वाक्यात लिहिले की हे मत ९४ तासांनंतरचे, दुरुस्त झालेल्या प्रतीबद्दलचे आणि नवख्या हाताचे आहे. दुसऱ्यात, की दोन तासांनंतर मी नकार दिला असता आणि पंचवीस तासांनंतर शिवी. उरलेल्या चारांत बर्नार्डचा सराव, श्नॅप्स गाळणे, उझित्झचा लेखनिक आणि मठाआधीची तयारी.

दुसरा भाग अजून घेतलेला नाही. सध्या त्याची मते वाचते आहे, आणि या वेळी वहीच्या पानावर आधी तारखेचा आणि तासांचा रकाना आखला आहे.